तिसरा हात

ओढ्याकाठी पालथा पडलेला तो माणूस मला आजही दिसतो, आणि त्याच्याबरोबर त्या सकाळी वाटलेली भीतीही आठवते. पोलिसाने स्वतःच्या भीतीबद्दल लिहू नये, असे माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या काही मंडळींचे मत आहे. ती मंडळी थेट फौजदार म्हणून भरती झाली होती. मी शिपाई म्हणून लागलो, आठ वर्षे पहारे दिले, परीक्षा दिल्या आणि मग फौजदार झालो. त्यामुळे जे घडले ते सांगायला मी कोणाची परवानगी मागत नाही. नावे मात्र कोणाचीच देणार नाही.

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, कडेगावच्या बाजूला, माझे ठाणे होते. त्या वर्षांत त्या भागात पोलिसाला कोणी पाणी विचारत नसे. भूमिगतांच्या शोधात आमच्या खात्याने गावेच्या गावे झोडपली होती आणि गावे ते विसरली नव्हती. कागदावर माझी हद्द तीसेक गावांची होती. प्रत्यक्षात ती दिवसाउजेडी, चार जण बरोबर असतील तर, रस्त्याच्या कडेपर्यंत होती. वाट उसातून जाऊ लागली की माझे शिपाई बोलायचे थांबत.

अशातच एका गावच्या पोलीस पाटलाची वर्दी आली. आदल्या दिवशी जत्रा झाली होती. सकाळी एक इसम ओढ्यात पाय घसरून, दगडावर डोके आपटून मयत झाला होता. मी पंचनाम्याला गेलो. मयत पस्तिशीचा, तालमीत कमावलेल्या अंगाचा. जखम एकच, डाव्या कानाच्या वर. घसरून पडणाऱ्याचे तळहात खरचटतात, गुडघे फुटतात. याचे तळहात स्वच्छ होते. मी विचारायच्या आत पंच 'पाय घसरला' म्हणत होते, आणि सगळे एकाच शब्दांत. खरे सांगणारे चार जण चार तऱ्हांनी सांगतात. एकाच शब्दांत सांगणारे आधी एकत्र बसून आलेले असतात.

मागे शंभर-दोनशे माणसे उभी होती. कोणी रडत नव्हते, कोणी कुजबुजत नव्हते. त्या शांततेत माझ्या पाठीला घाम सुटला. मी पंचांनी सांगितले तेच लिहिले, अकस्मात मयताची नोंद केली, प्रेत तालुक्याच्या डॉक्टरकडे पाठवले आणि उन्हे चढायच्या आत निघालो. निघालो कसला, पळालो.

त्या गावचा न्हावी आठवड्याच्या बाजाराला आमच्याकडे येई आणि माझी दाढी करी. वस्तरा गळ्याखाली असताना तो हलक्या आवाजात म्हणाला, "सायेब, दगुड एवढ्या नेमानं कानावर लागत न्हाई."

मी हललो नाही. हलण्यासारखी परिस्थिती नव्हती. मग काय लागले, असे विचारले.

"मला काय ठावं? मी तालमीतल्या गड्यांची डोकी करतो. तितं भितीला बारा खुट्या हायत. बारा खुट्या, बारा काठ्या. तुमी जाऊन मोजा." त्याने वस्तरा पुसला आणि पुन्हा गळ्याला लावला. "आन मी कायबी बोललो न्हाई. वस्तरा हातात हाय तंवर तुमीबी व्हय म्हणा."

मी व्हय म्हणालो.

त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला आला. जखम गोल, कठीण, काठीसारख्या वस्तूची. आता जाणे भाग होते. चार शिपाई घेऊन भर दुपारी मी तालमीत शिरलो.

त्या तालमीत कुस्तीपेक्षा काठीचा मान मोठा. विद्या पुरी झालेल्या गड्याला वस्ताद स्वतःच्या हाताने काठी देत, आणि ती मारुतीसमोरच्या भिंतीवर त्याच्या नावाच्या खुंटीला टांगली जाई. मी काठ्या मोजल्या. अकरा भरल्या. एक खुंटी रिकामी होती. माणसाचे रक्त लागलेली काठी देवासमोर टांगायची नाही, असा तिथला नेम. गावाने जबान्या ठरवल्या, वाटेवरचे रक्त धुतले, पण त्या खुंटीला दुसरी एखादी काठी अडकवायला कोणी धजले नव्हते. देवासमोर खोटे करायचे नव्हते. पोलिसासमोर चालत होते.

वस्ताद सत्तरीचे. मांडी घालून बसले होते. मागे दहा गडी उभे. मी काठीबद्दल विचारले, ते समोरची लाल माती हाताने सारखी करत राहिले. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात भीती. मी हातातला दंडुका जमिनीवर आपटला.

वस्तादांनी दंडुक्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मनगट लय ढिलं हाय तुमचं. आपटायचीबी एक रीत असती."

मागचे दहाही जण गालात हसले. त्या क्षणी त्यांनी मनात आणले असते तर आम्ही पाच जण त्या तालमीतून उभे बाहेर पडलो नसतो. मी शिपायांना बाहेर पाठवले. कोणाला सांगून पटणार नाही, पण वर्दी जितकी कमी तितका म्हातारा माणूस जास्त बोलतो. मग मी सौद्याला बसलो. सौदा करण्यात मी पक्का होतो. बैल घेताना व्यापाऱ्याला रडवल्याशिवाय मी दावे हातात घेतले नाही. मी म्हणालो, वस्ताद, एकाचे नाव सांगाल तर एकालाच नेईन. नाही सांगाल तर वरून साहेब तुकडी घेऊन येतील, या दहाही जणांना नेतील आणि दाराला कुलूप लागेल. त्यांना निमित्तच हवे आहे.

हे खरे होते, आणि त्यांनाही ते ठाऊक होते. त्यांनी डोळे मिटले आणि नाव सांगितले. तो त्यांचा सर्वांत चांगला शिष्य होता. पलटणीत होता, लढाईवरून सहा महिन्यांपूर्वी परतलेला. जत्रेत खेळ दाखवताना त्याच्या काठीने मयताच्या डोक्यावरचा पटका उडाला होता. मयत त्याच्याहून जुना शिष्य. गाव हसले. खेळ तिथे संपायला हवा होता.

"पर चूक त्येची न्हाई," वस्ताद म्हणाले. "माझी हाय."

मग त्यांनी जे सांगितले ते मी त्या वेळी डायरीत लिहिले नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने त्याला काडीची किंमत नव्हती. त्यांच्या विद्येत काठीचे तीन हात, म्हणजे तीन डाव, होते. पहिल्या हाताने समोरच्याचा वार अडवायचा. दुसऱ्याने त्याचे हत्यार उडवायचे. तिसरा हात मारायचा. त्यांच्या गुरूंच्या वेळी दुसऱ्या हातानंतर एक पाय मागे घ्यायचा रिवाज होता. पाय मागे घ्यायचा, समोरच्याकडे बघायचे, आणि तो पुन्हा अंगावर आला तरच तिसरा हात.

"जत्रंत त्यो पाय लोकास्नी आवडंना," वस्ताद म्हणाले. "खेळ मधीच थांबल्यावानी दिसायचा. म्हून मी त्यो पाय काढला. तिन्ही हात एका दमात बसवलं. लोक टाळ्या वाजवाय लागली. वीस वर्सं मी असंच शिकवलं, सायेब."

आरोपी सांगलीला गेला होता. आज हे वाचणाऱ्यांना त्यात काही वाटणार नाही. पण तेव्हा सांगली संस्थान होते. हद्द ओलांडली की आमच्या हुकमाला किंमत नव्हती. कागद वरून फिरून यायला महिना गेला असता, आणि तोवर मयताच्या भावांनी स्वतःचा न्याय केला असता. तसे ते उघड बोलू लागले होते. मी सांगलीला जाऊन तिथल्या फौजदारांना भेटलो. त्यांना हवा असलेला एक बैलचोर माझ्या हद्दीत मामाकडे लपला होता. तासभर घासाघीस झाली. ठरले असे की ते माझ्या आरोपीला समजावून हद्दीपर्यंत आणतील, आणि त्यांचा बैलचोर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पोचेल. हे नियमात बसत नव्हते. वाद घालायचा असेल त्यांनी घालावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आरोपी आला. हळदीच्या पेठेत हमाली करत होता. अंगावर, भुवयांवर, नखांत पिवळी भुकटी. दोन्ही हात पाठीमागे धोतरात खोचलेले. चेहरा इतका साधा की मला वाटले, चुकीचा माणूस आणला. तो हद्दीच्या दगडापलीकडून अलीकडे आला. माझ्या हवालदाराने मागून जाऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला.

पुढचे मी पाहिले, पण नीट दिसले नाही. हवालदाराचा हात वर उडाला. त्याचा दंडुका त्याच्या मुठीतून निघाला. आणि तोच दंडुका फिरून हवालदाराच्या डाव्या कानाजवळ आला आणि थांबला. कान आणि दंडुका यांत बोटभर अंतर होते. माझ्या कमरेला पिस्तूल होते. माझा हात तिकडे गेला नाही. मी जागचा हललोच नाही.

हवालदाराचे ओठ पांढरे पडले होते. पण जास्त घाबरला होता तो आरोपीच.

"काढून घ्या," तो म्हणाला. "सायेब, माझ्या हातनं काढून घ्या हे."

मी पुढे होऊन दंडुका घेतला. त्याची बोटे एकेक करून सोडवावी लागली.

ठाण्यात मी त्याला बेड्या घातल्या, आणि त्या घातल्यावर तो शांत झाला. गुन्हेगाराला बेडीने बरे वाटलेले मी त्याआधी पाहिले नव्हते. मी विचारले, पळालास कशाला? फासाला घाबरून? मयताच्या भावांना?

"हाताला भ्यालो," तो म्हणाला. "घरात बायको मागनं आली तरी हात उठतुय. म्हून हमाली धरली. पोतं डोक्यावर असलं की दोनी हात गुतलेलं असत्यात."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्याची जबानी पुढे मॅजिस्ट्रेटसमोर रीतसर झाली. पण मला त्याने सांगितले ते असे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेताकडे निघाला होता. ओढ्यात मयत कुऱ्हाड घेऊन उभा होता. एक शब्द न बोलता त्याने कुऱ्हाड घातली. पहिल्या हाताने याने ती अडवली. दुसऱ्याने उडवली, ती पाण्यात जाऊन पडली.

"मग?"

त्याने बेडीतले हात पुढे धरले. "त्यो रिकामा हुता. दोन पावलं मागं सरला हुता. माझ्याकडं बघत हुता."

"हद्दीवर थांबलास. मग त्या दिवशी का नाही थांबलास?"

"हद्दीवर म्होरं कोण हाय ते दिसलं, सायेब. त्या दिशी माणूस दिसलाच न्हाई. नुसतं भ्या दिसलं."

आता खरा पेच सुरू झाला. जिवावर आलेल्या माणसाला परतवण्याचा हक्क कायदा प्रत्येकाला देतो. पण त्याला कुऱ्हाडीचा पुरावा हवा. कुऱ्हाड असेल तर आरोपीने बचावाला सुरुवात केली आणि हद्द ओलांडली, एवढाच गुन्हा. कुऱ्हाड नसेल तर उघडउघड खून, आणि शिक्षा फाशी. आम्ही ओढा वरपासून खालपर्यंत चाळला. कुऱ्हाड नव्हती. ज्या गावाने आरोपीला वाचवायला 'पाय घसरला' म्हणून सांगितले होते, त्याच गावाने आता कुऱ्हाडही कधी पाहिली नव्हती. पोलिसाच्या भीतीने त्यांनी त्याचा एकमेव आधार बुडवला होता.

पाण्याच्या कडेला न्याहारीची एक भाकरी सापडली होती. पंचनाम्यात मी ती 'किरकोळ' म्हणून लिहिली होती. शेतावर न्याहारी बाई नेते, म्हणजे त्या सकाळी ओढ्यावर कोणीतरी बाई होती. मी मयताच्या घरी गेलो.

त्याची बायको तिशीची असेल. दारात दोन दीर उभे होते. पोलीस पाटलाच्या बायकोला सोबत घेऊन मी तिला घरामागच्या परड्यात बोलावले. माझ्याजवळ होते नव्हते ते सगळे मी तिच्यापुढे मांडले. दिरांपासून संरक्षण देतो, नवऱ्याची बदनामी होणार नाही असे बघतो, कोर्टात एकदाच यावे लागेल. ती शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचत राहिली. शेवटी माझा आवाज चढला. आरोपीच्या घरीही एक बायको आहे, असे मी म्हणालो.

"ठावं हाय," ती म्हणाली. "तिचं कुकू माझ्या घरात हाय म्हून तर झोप लागंना."

कुऱ्हाड तिच्याकडेच होती. न्याहारी घेऊन जाताना तिने सगळे पलीकडच्या काठावरून पाहिले होते. आरोपी पळाल्यावर पाण्यात उतरून तिने ती काढली आणि पदराखाली घरी आणली. दिरांच्या हाती लागली तर ती उद्या आरोपीच्या भावावर चालेल, ही तिची भीती. पोलिसांना दिली तर नवऱ्याने दबा धरून वार केला हे सगळ्या मुलखाला कळेल, ही दुसरी. पंधरा दिवस ती घरात त्या दोन भीतींच्या मध्ये बसून होती.

"देते," ती म्हणाली. "पर दोन गोष्टी लिवायच्या. कुऱ्हाड पयली आली, ते लिवा. आन त्यो पडला तवा त्येचं हात मोकळं हुतं, तेबी लिवा. एक लिवून दुसरं सोडायचं न्हाई. सोडलं तर मी कोरटात म्हणीन, मला कायबी दिसलं न्हाई."

मी तिला समजावू पाहिले की दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या तर दोन्ही घरे तिच्यावर उलटतील. ती म्हणाली, उलटू देत. आयुष्यात मी बरेच सौदे केले. एवढा सरळ आणि एवढा महाग सौदा दुसरा आठवत नाही. मी मान्य केले. तिने शेणींच्या रचलेल्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि कुऱ्हाड ओढून काढली.

माझ्या वरच्या पोलीस साहेबांना हे पसंत पडले नाही. त्यांच्या मते तालमी म्हणजे भूमिगतांचे अड्डे, आणि एका गड्याला फाशी झाली तर बाकीचे ताळ्यावर येतील. कुऱ्हाड कागदावर न घेता साधा खुनाचा खटला पाठव, असे त्यांनी मला खोलीत बोलावून सांगितले. माझा पारा चढला. कुऱ्हाड मुद्देमालाला लागली आहे, पंचांच्या सह्या झाल्या आहेत, हवे तर मला काढा, असे मी म्हणालो, आणि बाहेरच्या कारकुनांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. काढले नाही. खटला संपल्यावर पाटणला टाकले, कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसात. माझ्या मागून आलेले दोघे इन्स्पेक्टर झाले. या तपासाची शाबासकी ज्याने मिळवली तो ओढ्यापर्यंत गेलाही नव्हता. माणसे सांगतात, जुने झाले, सोडून द्या. मी सोडलेले नाही.

साताऱ्याला सेशन कोर्टात खटला चालला. तिने दोन्ही गोष्टी सांगितल्या, त्याच क्रमाने. सरकारी वकिलाने तिला कुऱ्हाडीवरून हलवायचा प्रयत्न केला, आरोपीच्या वकिलाने रिकाम्या हातांवरून. ती हलली नाही. बचावाचा हक्क होता, तो कुऱ्हाड पाण्यात पडली तिथे संपला, असा निकाल झाला. आरोपीला काही वर्षे सक्तमजुरी झाली. मान वाचली. दोन्ही घरे नाराज होऊन आपापल्या गाड्यांत बसली, आणि तिला कोणीच गाडीत घेतले नाही. मी तिच्यासाठी मोटारीची सोय केली. मोटार यायला वेळ होता. कोर्टाच्या पायरीवर ती बसली होती, मी खांबाजवळ उभा होतो.

"सायेब," ती म्हणाली, "तुमी ठाण्यात माणसास्नी मारता."

मी मोटार येते का ते बघायला रस्त्याकडे वळलो.

"न्हाई, सगळ्यास्नी ठावं हाय. मी इचारती ते येगळं. मारता तवा त्येच्या हातात काय असतं?"

मला राग आला. हिच्यासाठी मी बढती घालवली, आणि ही मला विचारते. उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, तेवढ्यात मोटार आली. मी तिचे तिकीट काढून दिले आणि मोटारीचे दार लावून घेतले.

पाटणला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात भांडी चोरल्याच्या संशयावरून एक जण समोर आणला. तो उलट बोलला, माझा हात उठला, तसा तो घाबरून भिंतीशी खाली बसला. पूर्वी मी तेवढ्यावर थांबलो नसतो. त्या दिवशी मी एक पाय मागे घेतला. शिपाई माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यानंतर मी कोणावर हात टाकला नाही असे मी म्हणणार नाही. टाकला. पण उरलेल्या नोकरीत, हात उठला की माझी नजर आधी समोरच्याच्या हातांकडे जाऊ लागली. बहुतेक वेळा ते रिकामे असत.